ते २२ हजार देऊ नकोस

‘प्रिय ताई,

मी पुण्यातल्या वारज्यात राहते, आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश झाला तेव्हा बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला ५४ हजारांचा लॅपटॉप घेऊन दिला. आय५-१२३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप तेव्हा ७५ हजारांच्या पुढे सांगत होते. दुकानदार बाबांना म्हणाला, “आत्ता कशाला जास्त पैसे घालता? पुढे लागलं तर कार्ड टाकून मिळेल.” आता वर्गात सगळे लुमियन आणि एन्स्केप या सॉफ्टवेअरवर रेंडर, म्हणजे मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं, काढतात. माझ्याकडे एन्स्केप सुरूच होत नाही आणि स्केचअपमध्ये मोठं थ्रीडी मॉडेल फिरवलं की सगळं अडकतं. त्याच दुकानात परत गेलो तर म्हणाले, “असं आम्ही बोललोच नाही.” एक रिपेअरिंगवाला म्हणतो, २२ हजारांत कार्ड टाकून देतो, दोन दिवस लॅपटॉप ठेवून जा. मैत्रीण म्हणते, बाहेरून जोडायचं कार्ड मिळतं. की हा विकून दुसराच घेऊ? बाबांकडे परत पैसे मागायची हिंमत होत नाही. मॉडेल नंबर आणि टास्क मॅनेजरचे, चार्जरचे फोटो सोबत पाठवले आहेत.

— दुसऱ्या वर्षातली, वारजे’

लॅपटॉप त्या माणसाकडे ठेवू नकोस. ठेवून आली असशील तर आधी जाऊन परत आण, बाकीचं पत्र नंतर वाच.

तुझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकता येत नाही. २२ हजारांत नाही आणि ४० हजारांतही नाही. हे ऐकून वाईट वाटेल, पण अर्धवट आशा देऊन तुला आणखी महिनाभर दुकानं फिरायला लावणं मला पटत नाही. तुझ्या लॅपटॉपचं मात्र बरंच भलं करता येईल आणि त्यासाठी २२ हजार लागणार नाहीत.

आधी नाही का, ते समजून घे. म्हणजे पुढचा कुणी आला तरी तुला फसवू शकणार नाही. सगळा घोळ ‘कार्ड’ या शब्दाने होतो. डेस्कटॉपमध्ये ते खरोखर कार्ड असतं. लांबट खाचेत बसवायचं, स्क्रू पिळायचा, दोन वर्षांनी काढून दुसरं लावायचं. लॅपटॉपच्या बाबतीत आपण शब्द तोच वापरतो, पण वस्तू ती नसते. बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तिच्या पोटाखाली शेकडो बारीक मणी असतात, ते वितळवून ती बोर्डाला कायमची चिकटवलेली असते. तिची मेमरीही तशीच आजूबाजूला सोल्डर केलेली. तुझ्याकडे तर तीही वेगळी चिप नाही. १२३५यू या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे, आणि तो प्रोसेसरही बोर्डावर सोल्डरच आहे. तुझ्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं तर एक पंखा, त्याच्याकडे गेलेली तांब्याची चपटी नळी आणि नळीखाली एकच चौकोन दिसेल. कार्ड बसवायची खाच कुठेही दिसणार नाही, कारण ती ठेवलेलीच नाही.

‘पण ताई, दुकानात चिप बदलून देतात की!’ असं तू म्हणशील. देतात. मीही माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर दिल्या आहेत. जळालेली चिप गरम हवेने उचलायची, खालचे जुने मणी साफ करायचे, त्याच नंबरची चिप त्याच जागी बसवायची. याला दुरुस्ती म्हणतात. जिथे चिप होती तिथे तीच परत येते. जिथे काहीच नव्हतं तिथे नवीन चिप उभी करायची तर तिला वीज पुरवणारे भाग, मेमरी, बायोसमधली (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमधली) ओळख आणि थंड करणारी नळी हे सगळं बोर्डावर आधीपासून लागतं. ते ‘दोन दिवसांत’ कुणी करू शकत नाही.

पटत नसेल तर तू पाठवलेल्या चार्जरच्या फोटोवरचं बारीक अक्षर वाच. आउटपुट १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. गुणाकार केलास की ६५ वॉट येतात. स्क्रीन, प्रोसेसर, बॅटरीचं चार्जिंग, सगळं मिळून एवढंच. आता बघ, लॅपटॉपमधली एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ४०६० ही ग्राफिक्स चिप एकटीच ११५ वॉटपर्यंत वीज घेते. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर कधी उचललास तर कळेल, तो विटेसारखा जड असतो, आणि त्यावर २० व्होल्ट, ११.५ अँपिअर म्हणजे २३० वॉट असे आकडे असतात. तुझ्या मशीनच्या अंगात तेवढी वीज नाही आणि तेवढी उष्णता बाहेर टाकायची सोयही नाही.

एक पळवाट काही कारागीर सांगतात, तीही सांगून ठेवते. तुझ्याच मॉडेलचा ग्राफिक्सवाला प्रकार कंपनीने काढला असेल तर त्याचा अख्खा मदरबोर्ड आणून बसवायचा. पण त्या बोर्डाबरोबर वेगळी तांब्याची नळी, बहुधा दुसरा पंखा आणि मोठा चार्जर लागतो, आणि मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपचा सगळ्यात महाग भाग. वॉरंटी जाते ती वेगळीच. एवढं करून हातात येतो तो कुठल्या तरी दुसऱ्या लॅपटॉपमधून निघालेला, इतिहास माहीत नसलेला बोर्ड. मी स्वतःच्या घरच्या मशीनला हे करणार नाही.

मग तो २२ हजारांत काय करणार होता? त्या माणसाच्या मनातलं मला कळत नाही, पण माझ्या टेबलावर काय आलं होतं ते सांगते. हडपसरहून एक मुलगा आला. असंच ‘कार्ड टाकून’ घेतलेला लॅपटॉप. विंडोजमधली भागांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडला तर तिथे छान एनव्हिडियाचं नाव. गेम मात्र पूर्वीसारखेच अडकत होते. मी जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं, तर खाली खरी चिप दिसली, तीच जुनी, प्रोसेसरमधली. झाकण उघडलं, आत एकही नवीन वस्तू नव्हती. विंडोज नव्याने टाकलेलं आणि त्याच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत एक नाव बदललेलं, बस. त्या मुलाने दहीहंडीच्या दिवसांत साउंडवाल्याकडे राबून ते पैसे जमवले होते. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, हे मला आधी कसं कळलं असतं?’ तुला इतकं सविस्तर लिहितेय ते त्याच्यामुळे.

आता, ‘लॅपटॉपचं ग्राफिक्स बदलताच येत नाही’ असंही सरसकट बोलू नये, कारण ते खोटं ठरेल. २००४ साली एनव्हिडियाने एमएक्सएम नावाची पद्धत आणली. खास लॅपटॉपसाठी छोटं कार्ड, बोर्डावर त्याच्यासाठी खाच. जाडजूड वर्कस्टेशन आणि मोठे गेमिंग लॅपटॉप यांच्यात ती बरीच वर्षं चालली. डेलच्या प्रिसिजन मालिकेतली जुनी मशीन, एचपीची काही झेडबुक, क्लेव्हो कंपनीच्या सांगाड्यावर बांधलेली मशीन ही त्यातलीच. असं कार्ड मी बदललेलं आहे. १७ इंची वर्कस्टेशन होतं, कार्ड तळहाताएवढं. खाचेत बसलं एका मिनिटात, आणि पुढचे दोन दिवस गेले ते इतर गोष्टींत. जुन्या कार्डाची तांब्याची पट्टी नव्यावर नीट टेकेना, बायोस नवीन कार्ड ओळखेना. खाच एकसारखी असली तरी प्रत्येक कंपनीची नळी वेगळी, स्क्रूच्या जागा वेगळ्या. लॅपटॉप सडपातळ होत गेले तशी ही पद्धत मागे पडली. जुन्या बाजारात कुणी ‘कार्ड बदलता येणारा लॅपटॉप’ म्हणून तसलं मशीन दाखवलं तर भुलू नकोस. त्याची कार्डंही आता जुनीच मिळतात.

दुसरा अपवाद आजचा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. फ्रेमवर्क नावाच्या अमेरिकन कंपनीचा १६ इंची लॅपटॉप २०२४ पासून लोकांच्या हातात आला. त्याच्या पाठीमागचा एक आख्खा कप्पा निघतो. त्यात ग्राफिक्स चिप आहे आणि तिचे पंखेही त्याच कप्प्यात आहेत. आधी त्यात एएमडी कंपनीची आरएक्स ७७००एस चिप होती, २०२५ मध्ये कंपनीने त्याच लॅपटॉपसाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चा कप्पा काढला. म्हणजे कंपनीने पहिल्या दिवसापासून ठरवलं तर हे होऊ शकतं. पुण्यातल्या दुकानात तो लॅपटॉप मी अजून पाहिलेला नाही, आणि तुझ्या आजच्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. पण लॅपटॉपमध्ये हे निसर्गतःच अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर तेही खरं मानू नकोस.

मैत्रीण म्हणते ते बाहेरचं कार्ड खरं आहे. एक डबा असतो, त्यात डेस्कटॉपचं कार्ड आणि त्याचा वेगळा वीजपुरवठा, आणि एका केबलने तो लॅपटॉपला जोडायचा. फक्त ती केबल जोडायला थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ चं पोर्ट लागतं. तुझ्या लॅपटॉपला टाइप-सी आहे म्हणून भागत नाही. टाइप-सी हा फक्त छिद्राचा आकार आहे, आत काय धावतं ते वेगळं. पोर्टाशेजारी विजेची खूण आहे का बघ, आणि मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथे थंडरबोल्ट लिहिलंय का बघ. तू पाठवलेल्या मॉडेलमध्ये साधं यूएसबी ३.२ आहे, तेव्हा ही वाट बंद. असतं तरी मी तुला थांबवलं असतं. थंडरबोल्ट ४ ची वाट ४० गिगाबिटची. डेस्कटॉपच्या खाचेतून कार्डाला त्याच्या कित्येक पट रुंद वाट मिळते, त्यामुळे तेच कार्ड डब्यात बसलं की कमी काम करतं. शिवाय डबा, वीजपुरवठा आणि कार्ड यांची बेरीज केली की त्यात जवळपास एक जुना डेस्कटॉप येतो.

आता तुझ्या फोटोंकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर लिहिलंय, ८ जीबी, वेग ३२००, ‘स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २’, म्हणजे रॅमच्या दोन खाचांपैकी एकच भरलेली. आणि वर आलेख ९१ टक्क्यांवर टेकलेला. त्याच वेळी ग्राफिक्सच्या पानावर नाव आहे ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’. हे नाव नीट बघ. तुझ्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं खरं नाव आयरिस एक्सई आहे. मग इथे यूएचडी का दिसतंय? कारण इंटेलचा नियमच असा आहे की रॅमच्या दोन्ही वाटा भरलेल्या असतील तरच ते आयरिस एक्सई म्हणून चालतं. रॅमची एकच पट्टी असेल तर तेच ग्राफिक्स स्वतःला यूएचडी म्हणवतं. चिप तीच, पण अर्ध्या खुराकावर.

खुराक म्हणजे काय ते सांगते. वेगळ्या ग्राफिक्स चिपला तिची स्वतःची मेमरी असते. आरटीएक्स ४०६० लॅपटॉपवाली तिच्या मेमरीशी सेकंदाला २५६ गिगाबाइट बोलते. तुझ्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते तुझ्या रॅममधूनच उसनं घेतं. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट देते, दोन पट्ट्या ५१.२. म्हणजे रिकाम्या खाचेत तशीच एक पट्टी बसवलीस की ग्राफिक्सची वाट थेट दुप्पट रुंद होते. विंडोज ग्राफिक्सला साधारण निम्मी रॅम वापरू देतं. तुझ्या फोटोत ती मर्यादा ३.९ जीबी आहे, १६ जीबी झाली की ती आपोआप दुप्पट होईल. आणि ९१ टक्के भरलेली मेमरी मोकळी होईल ते सगळ्यात महत्त्वाचं. स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना जे अडकतं त्यात ग्राफिक्सचा दोष असेल, पण माझ्या मते मोठा वाटा या भरलेल्या मेमरीचा आहे. रॅम संपली की लॅपटॉप एसएसडीवर सामान हलवत बसतो, आणि माउस तसाच लटकतो.

म्हणून पहिलं काम रॅम. दुकानात जाऊन ‘लॅपटॉपची डीडीआर४, ३२००, ८ जीबी’ एवढंच म्हण. डीडीआर४ ही रॅमची पिढी. आधी आतली पट्टी डीडीआर४ आहे हे तिच्या लेबलवर बघून घे. डीडीआर५ ची पट्टी या खाचेत बसतच नाही. रेव्हिट हे इमारतींचं जड सॉफ्टवेअर शिकणार असशील आणि पैसे जमत असतील तर ८ ऐवजी १६ ची पट्टी घे, ८ आणि १६ एकत्र चालतात, फक्त वरच्या ८ जीबीला दुप्पट वाटेचा फायदा मिळत नाही. भाव दर महिन्याला हलतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचार, आणि बिल घे, कारण चांगल्या कंपनीच्या रॅमला बरीच वर्षं वॉरंटी असते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापासून तपकीर गल्लीपर्यंत एक चक्कर मारलीस तर भावाचा अंदाज येईल. शनिवारी संध्याकाळी जाऊ नकोस, उभं राहायला जागा नसते.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर झाकण उघडण्याआधी कस्टमर केअरला फोन करून विचार, की रॅम स्वतः घातलेली चालते का. चालत असेल तर हे घरी करता येतं आणि तुझ्यासारख्या मॉडेल बनवणाऱ्या हातांना तर सहज. एका कागदावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढ आणि जिथून जो स्क्रू निघेल तो कागदावर त्याच जागी टोचून ठेव. कडेचे आणि मधले स्क्रू वेगळ्या लांबीचे असतात, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की बोर्डाला भोक पडतं. झाकण काढल्यावर पहिलं काम, बॅटरीची केबल सोडव. कुठल्या तरी धातूच्या वस्तूला हात लाव, अंगातला स्टॅटिक करंट जाऊ दे. मग पट्टीची खाच जुळवून ती तिरकी आत सरकव, सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत, आणि मग खाली दाब. दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक’ असा आवाज येतो. तो आला नाही तर पट्टी बसलेली नाही, जोर लावू नकोस, काढून परत बसव. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन मिनिटभर काळी राहिली तर घाबरू नकोस, मशीन नवीन रॅम ओळखत असतं. मग इंटेलच्या साइटवरून ग्राफिक्सचा ताजा ड्रायव्हर टाक.

उघडलंच आहे तर पंख्याच्या जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढ. वारज्यात हायवेच्या बाजूला राहत असशील तर ती नक्की असेल.

हे सगळं करून एन्स्केप सुरू होईल का? नाही. एन्स्केपला वेगळी ग्राफिक्स चिप आणि तिची स्वतःची मेमरी लागते, इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सवर ते चालत नाही. लुमियनचं आणि डी५ या रेंडरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. त्या वाटेवर या लॅपटॉपने तू जाऊ शकणार नाहीस, हे आत्ताच मान्य करू. पण रेंडर काढायची ती एकच वाट नाही. व्ही-रे हे रेंडरचं सॉफ्टवेअर निव्वळ प्रोसेसरवरही चालतं. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यातलं सायकल्स हे रेंडर इंजिनही प्रोसेसरवर चालतं. हळू चालतं, पण चित्र तितकंच चांगलं येतं, कारण प्रकाशाचा हिशेब तोच असतो. सायकल्समध्ये सॅम्पल्सचा, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा उजेड किती वेळा मोजायचा त्याचा, आकडा मुळात ४०९६ ठेवलेला असतो. तो २०० च्या आसपास आण आणि डीनॉइज, म्हणजे चित्रातली खरखर पुसणारी सोय, चालू कर. जिथे चार तास लागत होते तिथे बराच कमी वेळ लागेल. आधी अर्ध्या आकाराचं चित्र काढून कॅमेरा आणि उजेड पक्का कर, आणि पूर्ण आकाराचं रात्री लावून झोप. सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे, त्याच्या आदल्या.

स्केचअपमध्येही थोडी शिस्त लागेल. थ्रीडी वेअरहाउसमधून उचललेलं एक झाड कधी कधी तुझ्या अख्ख्या इमारतीपेक्षा जड असतं. मी एका मुलीच्या फाइलमध्ये एक सोफा बघितला होता, त्याच्या शिवणीचे टाकेसुद्धा मॉडेल केलेले होते. झाडं, फर्निचर आणि गाड्या वेगळ्या टॅगवर टाकून काम करताना बंद ठेव, सावल्या शेवटी लाव, आणि मॉडेल इन्फोमधल्या स्टॅटिस्टिक्समध्ये जाऊन ‘पर्ज अनयूज्ड’ आठवड्यातून एकदा दाब. तुझी फाइल किती हलकी होते ते बघून तुलाच आश्चर्य वाटेल.

लॅपटॉप विकायचा विचार सोडून दे. जुन्या लॅपटॉपला बाजारात जे मिळतं ते ऐकून बाबांना आणखी वाईट वाटेल, आणि वर ५०-६० हजार घालावे लागतील. हा लॅपटॉप ऑटोकॅड, स्केचअप, शीट लावणं, कॉलेजात नेणं-आणणं यासाठी पाचव्या वर्षापर्यंत उत्तम आहे. जड रेंडरसाठी वेगळी सोय कर, आणि ती सोय म्हणजे डेस्कटॉप. एकटीने नको. वर्गातल्या तिघी-चौघी मिळून एक जुना डेस्कटॉप घ्या. डेस्कटॉपमध्ये कार्ड खरंच नंतर बदलता येतं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं डेस्कटॉप कार्ड २०२१ साली आलं, आता ते जुन्या बाजारात दिसतं, आणि मोठ्या सीनसाठी ते १२ जीबी फार कामाला येतात. ते १७० वॉट घेतं, एनव्हिडिया त्याला ५५० वॉटचा पॉवर सप्लाय सांगते, तेवढा आणि चांगल्या कंपनीचा असू दे. स्वस्त पॉवर सप्लायने कार्डासकट सगळं गेलेलं मी पाहिलं आहे. जुनं कार्ड घेताना समोर अर्धा तास जड काम लावून बघायचं. स्क्रीनवर ठिपके, रेघा दिसल्या किंवा पंखा घरघरला तर उठून यायचं.

डेस्कटॉप एकीच्या घरी ठेवा, बाकीच्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून एनीडेस्कने, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरने, जोडून घ्या. रात्रभर, म्हणजे समजा १० तास, ३०० वॉटने चालला तर ३ युनिट वीज लागते. ज्या घरी तो असेल त्या घरच्यांना या युनिटचे पैसे दर महिन्याला आठवणीने द्या. मैत्रीत भांडण होतं ते अशाच हिशेबावरून. आणि वही ठेवा, कुणाचा रेंडर कधी. ज्युरीच्या आठवड्यात तिचा उपयोग कळेल.

हेही नाही जमलं तर कॉलेजच्या लॅबमध्ये चौकशी कर. ग्राफिक्स कार्डवाली दोन-चार मशीन बहुतेक ठिकाणी असतात आणि संध्याकाळी ती रिकामी असतात. सरांकडे लेखी परवानगी माग, तोंडी नको.

तोंडी म्हटलं आणि त्या पहिल्या दुकानदाराची आठवण झाली. बाबांना त्याने जे सांगितलं ते चूक होतं. ते मला गंभीर वाटतं, कारण त्या एका वाक्यावर त्यांनी ५४ हजारांचा निर्णय घेतला. बोलण्याचा मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप, बिलावर काही लिहिलेलं असेल तर ते शोध. असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन कर, मराठीतही बोलता येतं. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्याची फी लागत नाही. पुरावा काहीच नसेल तर मात्र त्यात जीव अडकवू नकोस. पुढच्या वेळी कुणी ‘नंतर टाकून मिळेल’ म्हणालं तर त्याला सांग, ‘कुठल्या खाचेत, ते बिलावर लिहून द्या.’

पुढे कधी ग्राफिक्सवाला लॅपटॉप घेशील तेव्हाचं एकच सांगते, बाकी तेव्हा परत लिही. कार्डाच्या नावावर जाऊ नकोस, वॉट विचार. आरटीएक्स ४०६० एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटची असू शकते आणि दुसऱ्यात ११५ ची. स्टिकर एकच, काम वेगळं. आणि लॅपटॉपची ४०७० ही डेस्कटॉपच्या ४०७० इतकी नसते. लॅपटॉपवालीला ८ जीबी मेमरी, डेस्कटॉपवालीला १२.

बाबांबद्दल. त्यांच्याशी बोलायला तू घाबरतेस, पण त्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही. त्यांच्या पिढीने असेंबल्ड पीसी पाहिले. बुधवार पेठेतून पार्ट आणायचे, दिवाळीला रॅम, पुढच्या पगाराला हार्ड डिस्क, मुलगा मोठा झाला की ग्राफिक्स कार्ड. त्या यंत्रात ‘नंतर टाकू’ हे अगदी खरं होतं. त्याच विश्वासाने त्यांनी दुकानदाराचं ऐकलं. हे त्यांना असंच सांग. आणि सांग की आता फक्त एक रॅमची पट्टी हवी आहे. झाकण उघडताना त्यांनाच शेजारी बसव, कागदावर स्क्रू टोचायचं काम त्यांना दे.

पट्टी बसल्यावर टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचं नाव काय दिसतं तो फोटो मला पाठव. आयरिस एक्सई दिसलं नाही तर आधी ड्रायव्हर, मग पट्टी नीट बसली का, या क्रमाने बघ. तरीही यूएचडीच राहिलं तर लॅपटॉप घेऊन ये. रविवार सोडून कधीही ये.

— ताई